मोहरी उरली आहे

एदुविहिस कायो, वय एकाहत्तर,
पहाटे चारची बस धरून वाळवंटातून अंतोफगास्ताला आली.
पिशवीत दोन पाव, एक संत्रं
आणि कालामाच्या दवाखान्यात मिळालेली सीडी.

सीडी उघडेना.
तीन संगणकांत घालून पाहिली,
ओढणीनं पुसली, फुंकर मारली.
आत ती नुसती घरघरत राहिली,
झोपेत काही सांगू पाहणाऱ्या माणसासारखी.
डॉक्टर दारातूनच म्हणाले: वेळ नाही, नवा काढ.

नवा काढ.
पहिल्या स्कॅनचे पैसे
गल्लीतल्या बायकांनी उभे केले होते,
फेब्रुवारीतल्या एका शनिवारी
तीनशे वीस सॉसेज-पाव विकून
आणि कुणाचा तरी रेडिओ सोडतीत लावून.
आता परत तेवढेच पाव.
"असू दे," ती म्हणाली, "मोहरी उरली आहे अजून."

मी शीर शोधत होते.
उपसून उपसून तळाला गेलेल्या विहिरी असतात ना,
तशा तिच्या शिरा.
तिनं तोंड फिरवलं नाही.
बाटलीकडे बघत विचारलं, ह्यात काय असतं?
आयोडीन, मी म्हटलं.

ती हसली. सकाळपासून पहिल्यांदा.
"माझा नोल्बेर्तो तीस वर्षं तेच काढायचा.
सुरुंग लावायचे, दगडाचे ढीग रचायचे,
वर पाणी सोडायचं, दिवसेंदिवस.
आम्हाला टाकीतून आठवड्याला दोनदा पाणी,
ढिगांना रोज.
अंगाला वास घेऊन यायचा घरी,
उशीचे अभ्रे पिवळे,
कितीही घासा, डाग काही जायचा नाही.
म्हणजे हे आमच्याकडचंच की!"

आमच्याकडचंच.
पिंपात बसून समुद्रापार गेलेलं,
परक्या कारखान्यात न्हाऊनमाखून
काचेच्या बाटलीत शिरलेलं,
आणि आता माहेरी आलेलं,
येण्याजाण्याचं भाडं मागत.

मी शिशाच्या काचेमागे गेले.
तसा नियमच आहे. मला दिवसाला चाळीस जण असतात.
माझ्या छातीवरचा बिल्ला
तीन महिन्यांनी राजधानीत जातो,
माझ्या वाट्याला किती आलं ते कुणीतरी मोजतं,
वहीत लिहितं.
तिला बिल्ला नाही.
कालामाचं एक, आजचं एक,
ही बेरीज कुठल्याच वहीत नाही.

श्वास घ्या.
धरा.

कड्याच्या आत काहीतरी गरगरलं,
तेवढा वेळ ती निजली होती
डोळे उघडे ठेवून,
खाणीच्या भोंग्याची वाट पाहावी तशी.

सोडा.

"अंगातून गरम गेलं गं. मला वाटलं, कपड्यातच झाली."
नाही, मी म्हटलं, नुसतं तसं वाटतं.
मग ती खरंच जाऊन आली.
भिंतीपलीकडे पाणी वाहिल्याचा आवाज आला,
समुद्रातून मीठ काढून, वीज जाळून
गोडं केलेलं पाणी,
नोल्बेर्तोचं आयोडीन घेऊन
परत समुद्राकडे निघालेलं.
वाटेत त्याला अडवील अशी गाळणी
आमच्याकडे नाही.

रिपोर्टमध्ये चार ओळी:
उजव्या फुफ्फुसात चार मिलिमीटरचा ठिपका.
बहुधा जुना. सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे.

पुन्हा.

रात्रपाळीचा पहारेकरी एलेउतेरियो
त्याच्या लेकीच्या जुनाट लॅपटॉपवर सिनेमे बघत बसतो.
त्यात सहज घातली सीडी.
उघडली.
तोच ठिपका, तीच जागा, तेवढाच.
शेजारी तारीख, फेब्रुवारीची.
"कुणाची बाई ही?" त्यानं विचारलं.
मी झाकण लावलं.

त्यानंतरच्या शनिवारी मी बस धरून गेले.
अंगणात पत्र्याखाली टेबलं मांडलेली,
एदुविहिस गल्ल्यावर बसलेली, केस विंचरून.
तिनं मला ओळखलं, सगळ्यांना ओरडून सांगितलं,
हीच ती, किती हलक्या हाताची!
मी दहा पाव घेतले.
सीडीचं काही बोलले नाही.
दोन तिथंच उभ्यानं खाल्ले,
बाकीचे परतीच्या बसमध्ये मांडीवर गार झाले.

मोहरी अजून चांगली होती.